विकल्प अर्जातील आर्थिक निर्णय

शिष्यवृत्तीचा विचार करताना बहुतेक कुटुंबांच्या मनात दोनच निकष असतात: पालकांचे उत्पन्न आणि विद्यार्थ्याचा प्रवर्ग. फार तर त्यांना बारावीच्या गुणांची जोड दिली जाते. उत्पन्नाचा दाखला काढणे, जातप्रमाणपत्राची पडताळणी करून घेणे आणि बँक खाते आधारशी जोडणे या धावपळीत निकालानंतरचे दोन महिने निघून जातात, आणि एवढी कागदपत्रे हाती आली की शासनाची मदत मिळणारच, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात महाराष्ट्रातील आणि केंद्रातील जवळपास प्रत्येक योजनेत आणखी एक निकष असतो, तो म्हणजे विद्यार्थ्याने कोणता अभ्यासक्रम, कोणत्या संस्थेत, कोणत्या प्रवेशमार्गाने आणि आधीच्या कोणत्या शिक्षणानंतर निवडला. कुटुंबाचे उत्पन्न आणि प्रवर्ग प्रवेशाच्या वेळी बदलता येत नाहीत, गुणही तोवर ठरून गेलेले असतात. अभ्यासक्रमाची निवड मात्र त्या क्षणीही विद्यार्थ्याच्या हाती असते. असे असूनही शिष्यवृत्तीच्या संदर्भात सर्वांत कमी चर्चा याच निकषाची होते, आणि त्याचे परिणाम पहिल्या वर्षाची फी भरून झाल्यावर, महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज भरताना, प्रथमच लक्षात येतात.

या नियमांचा पाया एका साध्या वर्गीकरणात आहे. शासनाच्या दृष्टीने अभ्यासक्रम व्यावसायिक आणि बिगरव्यावसायिक अशा दोन गटांत मोडतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद, भारतीय औषधनिर्माण परिषद, वास्तुकला परिषद, बार कौन्सिल किंवा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग यांसारख्या नियामक संस्थांच्या मान्यतेने चालणारे आणि बहुधा सामायिक प्रवेश परीक्षेद्वारे, म्हणजे सीईटी किंवा नीटद्वारे, प्रवेश दिले जाणारे अभ्यासक्रम पहिल्या गटात येतात, बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. यांसारखे पारंपरिक पदवी अभ्यासक्रम दुसऱ्या गटात. व्यावसायिक शिक्षणाची फी मोठी असल्याने मदतीच्या मोठ्या योजना त्याभोवती उभ्या राहिल्या हे समजण्यासारखे आहे, परंतु एखादा अभ्यासक्रम कोणत्या गटात गणला जातो हे त्याच्या माहितीपत्रकावरून नेहमीच कळत नाही.

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना हे याचे सर्वांत परिचित उदाहरण होय. पूर्वी ईबीसी सवलत या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मदतीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे, एका कुटुंबातील दोनच अपत्यांना तिचा लाभ मिळतो आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्काचा व परीक्षा शुल्काचा निम्मा भार शासन उचलते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने हे चित्र मुलींच्या बाबतीत मोठ्या प्रमाणावर पालटले, कारण शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्ग यांतील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांचा संपूर्ण लाभ मंजूर झाला. या निर्णयाची प्रसिद्धी ‘मुलींना मोफत उच्च शिक्षण’ अशा शब्दांत झाली. निर्णयाच्या मजकुरात मात्र दोन अटी आहेत, आणि कुटुंबाचे सगळे गणित त्या अटींवर अवलंबून असते. पहिली अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेऱ्यांतून, झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातील आणि संस्थास्तरावरील प्रवेश योजनेतून वगळलेले आहेत. दुसरी अट अशी की संस्था शासकीय, अनुदानित, अंशतः अनुदानित किंवा कायम विनाअनुदानित महाविद्यालयांच्या वर्गातील असावी. खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे योजनेच्या कक्षेबाहेर आहेत.

या अटींचा अर्थ आकड्यांत मांडल्याशिवाय ध्यानात येत नाही. एखाद्या विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयाचे वार्षिक शिक्षण शुल्क १ लाख रुपये आहे असे मानले, तर कॅप फेरीतून आलेल्या पात्र मुलीचे चार वर्षांत ४ लाख रुपये वाचतात आणि तशाच पात्र मुलाचे २ लाख. त्याच वर्गात, त्याच शाखेत, संस्थास्तरीय कोट्यातून बसलेल्या विद्यार्थ्याला, त्याच्या घरचे उत्पन्न कितीही कमी असले तरी, या योजनेतून काहीही मिळत नाही. अनेक कुटुंबे पहिल्या एकदोन फेऱ्यांत मनाजोगी शाखा मिळाली नाही की धीर सोडतात आणि संगणक अभियांत्रिकीसारख्या मागणी असलेल्या शाखेसाठी थेट महाविद्यालयात जाऊन प्रवेश निश्चित करतात. त्या निर्णयामागे मुलाच्या भवितव्याची खरी काळजी असते, आणि शाखेचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. पण त्या शाखेची खरी किंमत म्हणजे महाविद्यालयाने सांगितलेली फी अधिक गमावलेली शिष्यवृत्ती, हा हिशेब प्रवेशाच्या टेबलावर कोणीही मांडून दाखवत नाही. त्यात आणखी एक भर पडते. शुल्क नियामक प्राधिकरण, जे २०१५ च्या कायद्याने खासगी विनाअनुदानित व्यावसायिक संस्थांची फी ठरवते, फीची शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क अशी विभागणी करते. शाहू महाराज योजनेचा लाभ शिक्षण आणि परीक्षा शुल्कापुरता असल्याने विकास शुल्क, वसतिगृह आणि मेस यांचा खर्च ‘मोफत’ शिक्षण घेणाऱ्या मुलीच्या पालकांनाही करावाच लागतो.

विकल्प अर्जात, म्हणजे महाविद्यालय आणि शाखा यांचे पसंतीक्रम नोंदवण्याच्या अर्जात, आणखी एक संधी असते आणि ती अनेकांच्या नजरेतून निसटते. तंत्रशिक्षण परिषदेच्या शिक्षण शुल्क माफी योजनेनुसार मान्यताप्राप्त संस्थांत मंजूर क्षमतेच्या ५ टक्के इतक्या अतिरिक्त जागा, म्हणजे मूळ प्रवेशक्षमतेवर वाढवून दिलेल्या जागा, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील गुणवंतांसाठी असतात आणि त्यांवर शिक्षण शुल्क पूर्ण माफ होते. या जागांना अर्जात स्वतंत्र संकेतांक असतो. त्यामुळे त्याच महाविद्यालयाची तीच शाखा दोन वेगवेगळ्या संकेतांकांनी दिसते आणि माहिती नसलेला विद्यार्थी केवळ नेहमीचा संकेतांक भरतो. मुलांच्या दृष्टीने हा फरक निम्म्या आणि पूर्ण माफीचा आहे. मात्र या जागेची अटही तितकीच कडक आहे, कारण तिच्यावर प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला पुढे कोणत्याही परिस्थितीत संस्था किंवा अभ्यासक्रम बदलता येत नाही. ज्याला आपली शाखा नक्की ठाऊक नाही, पहिल्या वर्षानंतर ती बदलण्याचा ज्याचा विचार आहे, त्याने ही माफी घेताना तो मार्ग बंद होतो हे जाणून घेतले पाहिजे.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही देशातील सर्वांत जुन्या योजनांपैकी एक. तिची सुरुवात १९४४ सालची आहे. अडीच लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी असलेल्या या योजनेत शुल्काच्या प्रतिपूर्तीशिवाय शैक्षणिक भत्ताही मिळतो, आणि तो भत्ता अभ्यासक्रमाच्या गटावर ठरतो. २०२१ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार पदवी व पदव्युत्तर स्तरावरील व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या पहिल्या गटात वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला १३,५०० रुपये व घरून ये-जा करणाऱ्याला ७,००० रुपये मिळतात. पारंपरिक पदवीच्या तिसऱ्या गटात हेच आकडे ६,००० आणि ३,००० असे आहेत, तर अकरावी-बारावी, आयटीआय आणि दहावीनंतरचा तंत्रनिकेतनातील पदविका अभ्यासक्रम ज्यात मोडतात त्या चौथ्या गटात ४,००० आणि २,५००. म्हणजे पदविका पूर्ण करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या विद्यार्थ्याचा भत्ता जवळजवळ तिप्पट होतो. बी.ए. करणाऱ्या मुलीला पुस्तके, प्रवास आणि जेवण अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यापेक्षा निम्म्या किमतीत मिळत नाही. शुल्काची प्रतिपूर्ती अभ्यासक्रमाच्या फीप्रमाणे कमीजास्त असावी हे रास्त आहे. निर्वाहाचा खर्च भागवणाऱ्या भत्त्याला तोच न्याय लावणे रास्त नाही, आणि कला शाखेत शिकणाऱ्या, बहुधा अधिक गरीब घरांतून आलेल्या विद्यार्थ्यांवर त्याचा भार पडतो.

या योजनेच्या नियमांत अभ्यासक्रमांच्या क्रमालाही फार महत्त्व आहे. शिक्षणाचा एक टप्पा पूर्ण केल्यावर त्याच टप्प्यावरील दुसरा अभ्यासक्रम घेणारा विद्यार्थी अपात्र ठरतो, बी.ए.नंतर बी.कॉम. किंवा एका विषयातील एम.ए.नंतर दुसऱ्या विषयातील एम.ए. ही त्याची नियमांतच दिलेली उदाहरणे आहेत. यामागील हेतू असा की मर्यादित निधीतून प्रत्येकाला वरच्या पायरीवर जाण्यासाठी मदत व्हावी, त्याच पायरीवर थांबण्यासाठी नव्हे. कला, वाणिज्य किंवा विज्ञानाच्या परीक्षेनंतर, मग ती परीक्षा उत्तीर्ण झालेली असो वा अनुत्तीर्ण, मान्यताप्राप्त व्यावसायिक किंवा तांत्रिक अभ्यासक्रमाकडे वळणाऱ्यासाठी मात्र दार उघडे ठेवण्यात आले होते, परंतु त्यानंतर पुन्हा अभ्यासक्रम बदलण्यास परवानगी नव्हती आणि पहिल्या गटाचा अपवाद सोडता पुढचे अपयशही माफ होत नव्हते. शिष्यवृत्ती ज्या विषयासाठी मंजूर झाली तो विषय किंवा ती संस्था राज्य शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय बदलल्यास शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते, अशीही तरतूद या योजनेत आहे. ही परवानगी घ्यावी लागते हेच अनेकांना ठाऊक नसते. महाविद्यालय बदलण्याचा दाखला मिळाला की शिष्यवृत्ती आपोआप सोबत येईल, असा समज असतो.

बारावीच्या गुणांवर आधारलेल्या योजनांत अभ्यासक्रमाची निवड कधीकधी दहावीनंतरच परिणाम घडवू लागते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या महाविद्यालयीन व विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठीच्या योजनेत दरवर्षी ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या असतात, त्यांतील निम्म्या मुलींसाठी; बारावीला आपल्या मंडळाच्या संबंधित शाखेत ८० व्या शतमकाच्या वर, म्हणजे वरच्या एक पंचमांश विद्यार्थ्यांत, असणे आणि कौटुंबिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असणे या तिच्या मुख्य अटी आहेत. या शिष्यवृत्त्यांचे विज्ञान, वाणिज्य आणि मानव्यशास्त्रे यांत ३:२:१ असे वाटप होते. विद्यार्थ्याने दहावीनंतर शाखा निवडली की तो कोणत्या रांगेत उभा राहणार हे ठरते. पुढे पदवीला नियमित अभ्यासक्रमच घ्यावा लागतो, कारण दूरशिक्षण आणि पदविका यांना येथे स्थान नाही. त्यामुळे नोकरी करता करता दूरशिक्षणातून पदवी घेणारा गुणवंत विद्यार्थी या योजनेबाहेर राहतो. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांसाठी वर्षाला १२,००० रुपये आणि पदव्युत्तर वर्षांसाठी २०,००० रुपये असा तिचा दर आहे. अभियांत्रिकीच्या चौथ्या वर्षाला आणि पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाच्या चौथ्या-पाचव्या वर्षालाही २०,००० रुपये मिळतात.

याच्या उलट टोकाला इन्स्पायर ही विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची, २००८ मध्ये सुरू झालेली योजना आहे. तिच्यात उत्पन्नाची अटच नाही. सर्व भर अभ्यासक्रमावर आहे. बारावीच्या मंडळ परीक्षेत वरच्या १ टक्क्यात असलेला किंवा राष्ट्रीय प्रवेश परीक्षांत ठरावीक क्रमांकाच्या आत असलेला विद्यार्थी मूलभूत विज्ञानांतील बी.एस्सी. किंवा एकात्मिक एम.एस्सी.ला गेला तर त्याला वर्षाला ८०,००० रुपये मिळू शकतात, ज्यांतील ६०,००० थेट हाती येतात आणि २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी असतात. पण ‘विज्ञान’ म्हणजे येथे १८ विषयांची एक यादी आहे: भौतिकी, रसायन, गणित, संख्याशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायन, इलेक्ट्रॉनिक्स इत्यादी. अभियांत्रिकी आणि वैद्यक तर दूरच, पण ज्या अभ्यासक्रमांच्या पदवीवर बी.एस्सी. असेच लिहिलेले असते त्या संगणकशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान या विषयांनाही या यादीत जागा नाही. सूक्ष्मजीवशास्त्र की जैवतंत्रज्ञान असा विचार करणाऱ्या, दोन्हींत सारखाच रस असलेल्या हुशार विद्यार्थ्यासाठी हा तीन वर्षांत २ लाख ४० हजार रुपयांचा फरक आहे, आणि तो त्याला प्रवेशापूर्वीच कळणे त्याच्या हक्काचे आहे.

अभ्यासक्रमाच्या नावावरून पात्रता कशी फिरते याचे ताजे उदाहरण बीबीए, बीएमएस आणि बीसीए यांचे आहे. २०२४-२५ पासून हे अभ्यासक्रम तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांच्यासाठी सीईटी व केंद्रीभूत प्रवेश सुरू झाले. परिषदेच्या मान्यतेबरोबर तिच्या योजनाही आल्या. या अभ्यासक्रमांतील गुणवंत मुलींसाठी परिषदेने वर्षाला २५,००० रुपयांच्या ३,००० शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. सीईटीची अट आणि मान्यतेची प्रक्रिया टाळण्यासाठी अनेक महाविद्यालयांनी मात्र आपल्या अभ्यासक्रमांची नावे बदलली आणि जवळजवळ तोच पाठ्यक्रम वाणिज्य शाखेच्या विशेष पदवीच्या किंवा तत्सम नावाने पुढे चालू ठेवला. महाविद्यालयांना रिकाम्या जागांची भीती होती हे खरे, आणि पहिल्याच वर्षी सीईटीची माहिती ग्रामीण विद्यार्थ्यांपर्यंत पुरेशी पोहोचली नाही हेही खरे. परंतु नाव बदललेल्या अभ्यासक्रमातील विद्यार्थिनी परिषदेच्या कक्षेबाहेर गेली, आणि त्या कक्षेशी जोडलेल्या मदतीवरचा तिचा दावाही तिच्या नकळत संपला.

शैक्षणिक कर्जाच्या बाबतीत निर्णायक ठरते ती संस्था. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत राष्ट्रीय क्रमवारीवरून निवडलेल्या (मंजुरीच्या वेळी ८६०) दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदार यांशिवाय कर्ज मिळते, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, इतर शासकीय शिष्यवृत्तीचा लाभ न घेणाऱ्या विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, अभ्यासाच्या व त्यानंतरच्या सवलतीच्या काळात, व्याजात ३ टक्के सूट दिली जाते. ही सूट दरवर्षी १ लाख विद्यार्थ्यांपुरती असून तिच्यात शासकीय संस्था आणि तांत्रिक वा व्यावसायिक अभ्यासक्रम निवडणाऱ्यांना प्राधान्य आहे.

आतापर्यंतचे सर्व नियम अभ्यासक्रम हे एकक मानतात. अमेरिकेत ही कसोटी एका-एका विषयापर्यंत पोहोचली आहे, आणि तेथील व्यवस्था समजून घेणे महाराष्ट्रातील वाचकालाही उपयोगाचे आहे. तेथील पेल अनुदान, म्हणजे अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थ्यांना परतफेडीशिवाय मिळणारी संघराज्य शासनाची मदत, सत्रात घेतलेल्या श्रेयांकांच्या प्रमाणात असते. १२ श्रेयांक म्हणजे पूर्णवेळ. परंतु त्या १२ पैकी ३ श्रेयांकांचा विषय विद्यार्थ्याच्या जाहीर केलेल्या पदवीला लागू होत नसेल, तर मदत ९ श्रेयांकांवर, म्हणजे तीन चतुर्थांश, मोजली जाते. उत्तीर्ण झालेला विषय गुण वाढवण्यासाठी पुन्हा घ्यायचा असेल तर मदतीत तो एकदाच धरला जातो. प्रयत्न केलेले एकूण श्रेयांक पदवीच्या मूळ लांबीच्या दीडपटीपलीकडे गेले की प्रगती असमाधानकारक ठरते. आणि पेल अनुदानाला आयुष्यभरासाठी १२ पूर्णवेळ सत्रांची मर्यादा आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील नागरिक मुलांना हे नियम लागू होतात. विद्यार्थी व्हिसावर पुण्या-मुंबईहून तेथे गेलेल्यांना ही मदत मुळातच उपलब्ध नसते.

या तुलनेचे कारण असे की राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे महाराष्ट्रातील पदवीही आता श्रेयांकांवर उभी आहे. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीला १६० श्रेयांक, मुख्य विषयाबरोबर गौण आणि खुले वैकल्पिक विषय, मध्येच प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन बाहेर पडण्याची व नंतर परतण्याची मुभा, श्रेयांक साठवणारी शैक्षणिक श्रेयांक पेढी, आणि २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या करण्याची परवानगी, ही सर्व रचना विद्यार्थ्याला हालचालीचे स्वातंत्र्य देते. शिष्यवृत्तीचे नूतनीकरण मात्र अजूनही वर्षावर, एका अभ्यासक्रमावर आणि अखंड शिक्षणावर आधारलेले आहे. एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन घरच्या अडचणीमुळे थांबलेली आणि दोन वर्षांनी दुसऱ्या महाविद्यालयात दुसऱ्या मुख्य विषयासह परतलेली विद्यार्थिनी धोरणाच्या दृष्टीने योग्य मार्गावर असते. जुन्या शिष्यवृत्ती नियमांच्या दृष्टीने तिने खंड घेतलेला असतो, विषय बदललेला असतो आणि संस्थाही बदललेली असते. धोरणाने दिलेली लवचिकता गरीब विद्यार्थ्यापर्यंत पोहोचवायची असेल, तर समाजकल्याण, तंत्रशिक्षण आणि उच्च शिक्षण या विभागांना आपल्या शासन निर्णयांची भाषा बदलावी लागेल.

मदतीच्या अटींतून शासन कोणते ज्ञान उपयुक्त मानते हेही उघड होते, आणि तेथे नागरिकांनी सावध राहण्याची गरज आहे. अनुसूचित जाती, भटक्या विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर कुटुंबांतील विद्यार्थ्यांसाठीच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या २०२२-२३ च्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय परदेशी शिक्षणासाठी वगळण्यात आले. ज्या समाजांचा इतिहास लिहिला जाणे सर्वांत आवश्यक आहे, त्याच समाजांतील तरुणांना परदेशातील ग्रंथालयांच्या व विद्यापीठांच्या आधारे तो लिहिण्यासाठी मदत नाकारणे हा निर्णय अन्यायाचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि भारतातील जातींची उत्पत्ती व यंत्रणा यांवरील आपला निबंध त्यांनी १९१६ मध्ये तेथेच वाचला. आजच्या अटी तेव्हा असत्या, तर तो विषय त्यांत बसला नसता.

येथे दिलेल्या रकमा आणि मर्यादा २०२५ पर्यंतच्या नियमांप्रमाणे आहेत, आणि त्या बदलत राहतात; म्हणून विकल्प अर्ज निश्चित करण्यापूर्वी त्या वर्षाचा शासन निर्णय महाडीबीटीच्या संकेतस्थळावरून उघडून वाचणे आवश्यक आहे. हे काम एकट्या विद्यार्थ्यावर सोडून चालणार नाही. सीईटी कक्षाने प्रत्येक संकेतांकाशेजारी, त्या जागेवर कोणत्या योजना लागू आहेत आणि कोणत्या नाहीत, हे छापावे; आणि तोपर्यंत कनिष्ठ महाविद्यालयांतील शिक्षकांनी बारावीच्या प्रत्येक वर्गात हा विषय निकालाच्या आधी, परीक्षा संपताच, समजावून सांगावा.